गोधडी भिंतीवर लावताना

(मुलुंड येथील प्रौढ महिला वर्गापुढे केलेले भाषण)

मी निवृत्त मास्तर. मास्तरला बोलायला उभे केले की घंटा होईपर्यंत तो थांबत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून आज मी माझे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आहे. कंटाळा आला तर खुशाल हात वर करा. मात्र मधेच उठून जाऊ नका, कारण आजचे बोलणे तुमच्याच घरातल्या वस्तूविषयी आहे.

येत्या रविवारी म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये आपल्या वर्गाचे गोधड्यांचे प्रदर्शन भरणार आहे. सव्वीस जणींनी नावे दिली होती. गेल्या मंगळवारी आपल्या शिकवणाऱ्या बाईंनी यादी दाखवली, तेव्हा नऊ नावांवर काट मारलेली होती. मी विचारले, "काय हो, हे काय झालं?" तेव्हा कळले की एका बाईंच्या मुलाने घरी सांगितले, "आई, आपली गरिबी भिंतीवर टांगायची आहे का? लोक येतील, बघतील आणि म्हणतील, यांच्याकडे धड ब्लँकेट नाही." ही गोष्ट नळावर झाली. नळावरून दुसऱ्या चाळीत गेली. आणि दोन दिवसांत नऊ गोधड्या मागे गेल्या.

त्या मुलाला उत्तर देण्यासाठी मी आज उभा आहे. मुलगा इथे नाही, पण त्याची आई समोर बसली आहे. मी नाव घेणार नाही. मुलगा चांगला आहे, नोकरी करतो, आईला शिकायला वर्गात पाठवतो. आणि त्याचे म्हणणे सगळेच खोटे आहे, असेही नाही. गोधडी गरजेतून जन्मली हे खरे आहे. नवे पांघरूण घ्यायला पैसा नाही, जुने लुगडे टाकवत नाही, थंडी तर दाराशी आलेली. मग बाई जुने चार थर एकावर एक पसरते आणि त्यांतून दोरा घालते. पण गरजेतून जन्मलेल्या वस्तूची लाज धरायची, तर भाकरीचीही धरावी लागेल.

या लाजेची गोष्ट मी तुम्हांला सांगतो. ती माझी स्वतःची आहे.

१९९८ साल होते. मी तेव्हा याच उपनगरांतल्या एका शाळेत हेडमास्तर होतो. शाळेचे नाव सांगत नाही. स्नेहसंमेलनात हस्तकलेचे प्रदर्शन भरवायचे ठरले. मुलांच्या आयांनाही वस्तू आणायला सांगितले होते. काचेच्या पेटीत लोकरीचे पोपट आले. मण्यांची तोरणे आली. आइस्क्रीमच्या काड्यांची घरे आली. एक बाई मात्र चादरीत गुंडाळलेले मोठे गाठोडे घेऊन आल्या. घरकाम करणाऱ्या होत्या. मुलगी चौथीत. गाठोडे सोडले, तर आत गोधडी. मी वर वर पाहिली आणि म्हणालो, "बाई, हे अंथरूण झालं. ही प्रदर्शनात ठेवायची वस्तू नव्हे." त्या काही बोलल्या नाहीत. गाठोडे पुन्हा बांधले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "गुरुजी, आईने विचारलंय, हस्तकला म्हणजे हाताने केलेली ना?"

मी तिला म्हणालो, "वर्गात जा." दुसरे काही सुचले नाही. सत्तावीसएक वर्षे झाली, अजून नीट सुचलेले नाही. त्या पोपटांतला एकही मला आज आठवत नाही. गोधडीची लाल किनार मात्र आठवते. म्हणून आपल्या बाईंनी जेव्हा "गुरुजी, गोधड्यांचं प्रदर्शन भरवू या का?" असे विचारले, तेव्हा मी लगेच हो म्हटले.

आता मूळ वस्तूकडे येऊ. तुम्ही तिला गोधडी म्हणता. आमच्या साताऱ्याकडे वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलाचे ते दुपटे. चार पदरी घडी करून शिवली तर चौघडी. नावे निराळी, पण काम एकच. मऊ झालेले जुने कापड थरावर थर घालून धावदोऱ्याने एकत्र धरायचे. नवे कापड यात चालत नाही, असे माझी आई म्हणे. नवे कापड अंगाला टोचते. जे लुगडे दहा वर्षे धुऊन धुऊन मऊ झाले, तेच गोधडीच्या पोटात शोभते. शेवटचा टाका घालायच्या आधी ती भाकरीचा लहानसा तुकडा मधल्या थरात सरकवी आणि म्हणे, "हिचं पोट भरलं, आता ही घरातल्यांना उपाशी निजू देणार नाही." मी मॅट्रिक झाल्यावर तिला हसलो होतो.

तीच वाकळ पुढे १९८३ साली बोहारणीला गेली. तिच्यासोबत दोन शर्टही गेले, आणि घरात स्टीलचा डबा आला. मी घरातच होतो, अडवले नाही. मला वाटते, मुंबईत गोधडीला थंडीने मारले नाही, बोहारणीने मारले. त्या बायांना दोष देत नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन उन्हात जिने चढणे सोपे नाही. पण ज्या लुगड्यांची गोधडी व्हायची, ती लुगडी भांड्यांवर गेली. मग नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्यांतून दोरा घातला तर थर एकमेकांवरून घसरतात, आणि घामही शोषत नाहीत. सुती लुगडे गेले तिथेच अर्धी गोधडी गेली.

आपल्या मुलुंडची एक गंमत सांगतो. आपण समजतो गोधडी म्हणजे आपली मराठी वस्तू. पण याच स्टेशनाच्या भोवती किती तऱ्हेच्या गोधड्या नांदतात! १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधी कुटुंबे मुलुंडला व उल्हासनगरला आली. त्यांच्या बायका जी करतात तिला रल्ली म्हणतात. रंगीत कापडाचे चौकोन, त्रिकोण कापून त्यांची नक्षी जुळवतात. कच्छी मंडळींच्या घरी धडकी असते. बंगाली शेजारीण कांथा म्हणेल, बिहारची बाई सुजनी म्हणेल. म्हणून प्रदर्शनात त्यांनाही बोलवा असे मी सुचवले. दोघीजणी हो म्हणाल्या आहेत. एक सिंधी आजी आहेत. त्यांच्या सासूबाईंची रल्ली फाळणीत बरोबर आली होती. सामान सोडावे लागले, ती अंगावरची राहिली.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. तो म्हणतो, "अशा वस्तू कोण बघायला येणार?" तर ऐका.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथे एका नदीच्या वळणात गीज बेंड नावाचे खेडे आहे. लोक काळे. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून कापसाच्या शेतावर राबत होते. गुलामी संपली तरी दारिद्र्य संपले नाही. घरांच्या फटींतून थंड वारा येई. म्हणून बायका शेतात वापरून फाटलेल्या विजारी, सदरे, पिठाच्या पिशव्या यांचे तुकडे जोडून गोधड्या करीत. शाळेत चित्रकला शिकलेल्या नव्हत्या. पण कुठला निळा तुकडा कुठल्या तपकिरी तुकड्याशेजारी बसेल, हे त्यांचे डोळे सांगत. २००२ साली या गोधड्या ह्यूस्टन शहरातल्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कला व्हिटनी नावाच्या संग्रहालयात गेल्या. लोक रांगा लावून आले. मोठमोठ्या चित्रकारांच्या चित्रांशी जाणकारांनी त्यांची तुलना केली. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची चित्रे तिकिटांवर छापली. फाटकी विजार टपालाच्या तिकिटावर गेली!

त्यांतली एक गोधडी १९४२ सालची आहे. मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे शेतात घालायचे सगळे कपडे काढले, त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच कपड्यांच्या उबेत निजावे, एवढाच तिचा हेतू. त्या कापडावर गुडघे टेकून झिजल्याच्या खुणा आहेत. डाग आहेत. संग्रहालयाने ते डाग धुऊन काढले नाहीत.

हे मी मुद्दाम सांगितले. आपल्या वर्गात एक आजी आहेत. त्यांना विचारूनच बोलतो आहे. त्यांच्या गोधडीच्या मधोमध खाकी कापडाचे तीन पट्टे आहेत. मालक गिरणीत होते, त्यांची ती पँट. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यांची गिरणी पुन्हा नीट चालली नाही. मालक घरी बसले ते बसलेच. आजींनी भाजी विकून मुले वाढवली. ज्या माणसाने जन्मभर मुंबईला कापड पुरवले, त्याच्या स्वतःच्या कापडाची ही गोधडी. आजींनी तीही मागे घेतली आहे. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, लोक विचारतील खाकी कुणाची, मग मला रडू येईल." यावर मी काय बोलणार? त्यांनी नाही म्हटले तर नाहीच. प्रत्येक गोधडी भिंतीवर गेलीच पाहिजे असा काही कायदा नाही. काही गोधड्या अंगावरच शोभतात. पण लाजेने मागे घेणे आणि मायेने मागे ठेवणे यांत फरक आहे. तेवढा प्रत्येकीने आपल्या मनाशी करावा.

परदेशाचे झाले. आता जवळचे पाहा. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्हा आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ही तिथली गावे. तिथल्या जंगलात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी त्यांना गुलाम करून गोव्यात आणले, आणि कितीतरी जण पळून घाटावरच्या रानात शिरले. घरात जी भाषा बोलतात ती कोकणी-मराठीच्या नात्यातली. त्यांच्या बायका गोधडी करतात, तिला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून टाका सुरू करायचा, कडेकडेने फिरत फिरत आत यायचे आणि मध्यावर संपवायचे. शिवताना आपल्याकडच्या म्हाताऱ्याही अशाच फिरतात ना? चारी कोपऱ्यांवर कापडाच्या लहान घड्यांचे त्रिकोण बसवतात, त्यांना फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी म्हणजे उघडीनागडी, असे त्या मानतात. २००४ साली या बायकांची सहकारी मंडळी उभी राहिली. २०११ साली त्यांच्या कवंद्या अमेरिकेत प्रदर्शनात लागल्या. बेळगावच्या पलीकडची जंगलातली बाई, आणि तिची कवंदी न्यूयॉर्कच्या भिंतीवर!

चिंधीचे असेच आणखी एक काम आहे. ते आपल्याकडच्या काही जणींनी शाळेत केलेही असेल. गोणपाट चौकटीवर ताणायचा. खालच्या बाजूला चिंधीची पट्टी धरायची. वरून आकडी खुपसायची आणि पट्टीचा फास वर ओढायचा. फासाला लागून फास, असे सगळे गोणपाट भरत न्यायचे. झाले जाड, मऊ पायपुसणे. आपण त्याला पायपुसणे म्हणून दाराशी टाकतो. कॅनडाच्या पूर्व टोकाला लॅब्राडोर आणि न्यूफाउंडलंड असा फार थंडीचा मुलूख आहे. लोक मासेमार. तिथे १८९२ साली विलफ्रेड ग्रेनफेल नावाचा इंग्रज डॉक्टर गेला. त्याने पाहिले, हिवाळ्यात समुद्र गोठतो, मासेमारी बंद पडते, घरात खायला नसते. पण बायका हे आकडीचे काम सुरेख करतात. त्याच्या दवाखान्याच्या मंडळींनी त्यांना गोणपाट, नमुने आणि चिंध्या पुरवल्या, केलेल्या कामाचा मोबदला दिला आणि माल शहरांत विकला. अमेरिकेतल्या बायकांनी आपले फाटके रेशमी मोजे गोळा करून पाठवावेत, अशी जाहिरातही केली. ते मोजे रंगवून त्यांच्या पट्ट्यांतून बर्फ, अस्वले, कुत्र्यांच्या गाड्या अशी चित्रे भरीत. आज ती पायपुसणी संग्रहालयांत भिंतीवर आहेत. कुणी पाय पुसू देत नाही!

आणि आपल्या मुंबईचेच नाव घ्यायचे तर मृणालिनी मुखर्जी. १९४९ साली मुंबईत जन्मल्या, शिक्षण बडोद्याला. त्यांनी दगड घेतला नाही, लाकूड घेतले नाही. तागाचा, अंबाडीसारख्या वाखाचा दोर घेतला, तो रंगवला आणि गाठीवर गाठ मारीत माणसाहून उंच मूर्ती केल्या. सुरुवातीला काही लोक म्हणाले, ही कलाकुसर झाली, ही शिल्पकला नव्हे. म्हणजे मी त्या बाईंना म्हणालो तेच! २०१५ साली त्या वारल्या. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या गाठींच्या मूर्तींचे मोठे प्रदर्शन भरवले. हेडमास्तर एकटाच चुकत नाही, एवढे समाधान मला त्यातून मिळाले.

पण भगिनींनो, गोड गोड सांगून मी थांबणार नाही. गीज बेंडची पुढची गोष्ट ऐका. गोधड्या प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या नक्षीचे गालिचे, चादरी, पुस्तके निघाली. २००७ साली तिथल्या काही बायकांनी कोर्टात दावे लावले. आमच्या नक्षीचा, आमच्या नावाचा पैसा आम्हांला पुरता मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे. २००८ साली दावे आपसांत मिटले. खरे-खोटे कोर्ट जाणे. मला त्यातून एवढेच दिसते की कौतुक करणारा माणूस कागद घेऊन आला, तर तो कागद आधी वाचावा. आणि वाचायचा तर वर्गात यावे लागते. पावसाचे निमित्त सांगून घरी बसलेल्या बायांनी हे ध्यानात घ्यावे.

गेल्या महिन्यात एक व्यापारी आपल्या चाळीत येऊन गेला. गोधडी चारशे रुपयांना मागत होता. दोघी तयारही झाल्या होत्या. तेव्हा मी फळ्यावर हिशेब मांडला होता, तो आज पुन्हा मांडतो, कारण त्या दिवशी सहाच जणी हजर होत्या.

समोर ही जी गोधडी आहे, ती सात फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. मी पट्टी लावून मोजली. एका इंचात तीन टाके आहेत. सात फूट म्हणजे चौऱ्याऐंशी इंच. म्हणजे एका ओळीत दोनशे बावन्न टाके. ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर आहेत. पाच फुटांत किती ओळी? बरोबर, एकशे वीस. आता दोनशे बावन्न गुणिले एकशे वीस. करा वहीत. किती आले? तीस हजार दोनशे चाळीस. एका गोधडीत तीस हजार दोनशे चाळीस टाके! दोऱ्याची लांबी पाहिली तर एकशे वीस ओळी, प्रत्येक सात फूट, म्हणजे आठशे चाळीस फूट. दोनशे ऐंशी वार. वर थोडा वाढीव.

ज्या मावशींनी ती शिवली त्या म्हणाल्या, घरचे आवरून दुपारी दोन तास बसत होते, पंचेचाळीस दुपारी लागल्या. म्हणजे नव्वद तास. चारशे रुपयांना नव्वदने भागा. तासाला साडेचार रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यात स्टेशनाबाहेर कटिंग चहा येत नाही. शिवाय पाठ दुखली, बोटे टोचली, डोळ्यांना चष्मा लागला, तो हिशेब वेगळाच. तासाला पन्नास रुपये धरले तरी साडेचार हजार होतात. एवढे कुणी लगेच देईल असे मी म्हणत नाही. पण मागताना आपल्याला आकडा ठाऊक असावा. तो चारशे म्हणाला तर आपण घाबरून पाचशे म्हणायचे, ही रीत सोडा. मोठ्या गोधड्या या प्रदर्शनात विकायच्या नाहीत, असे मंडळाने ठरवले आहे. दुपटी आणि लहान आसने तेवढी विकायची. त्यांच्या किमती याच रीतीने काढून ठेवा.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. गोधडी भिंतीवर लावायची कशी?

खिळे मारायचे नाहीत. कपडे वाळत घालायचे चापही लावायचे नाहीत. गोधडी जड असते. चापाच्या जागी सगळे वजन येते आणि जुने कापड तिथेच फाटते. त्यापेक्षा परकराला असतो तसा नेफा करा. चार बोटे रुंद सुती पट्टी घ्या. गोधडीच्या मागच्या बाजूला वरच्या काठालगत ती शिवा. टाका मागच्या दोन थरांतूनच जावा, पुढे दिसू नये. नेफ्यातून बांबू घाला आणि बांबूची दोन्ही टोके सुतळीने बांधून टांगा. वजन साऱ्या काठावर सारखे वाटले जाते. बांबू आधी पॉलिश-पेपरने घासा. त्याचे कूस कापडात अडकते. रंग दिलेला बांबू नको, दमट हवेत रंग कापडाला लागतो. आपल्याकडे हवा दमटच.

ऊन येते त्या खिडकीसमोरची भिंत सोडा. दोन दिवसांत काही होत नाही, हे खरे. पण सवय चांगली लावावी. जुना लाल आणि जुना निळा रंग उन्हाने फार लवकर उडतो. प्रदर्शनासाठी म्हणून गोधडी सोड्यात भिजवून धुऊ नका. जुने दोरे सुटतात. सावलीत झटका, तासभर हवेवर ठेवा. बस्स. इस्त्री तर मुळीच नको. टाक्यांनी कापडाला ज्या बारीक लाटा पडतात, तेच तर बघायचे असते. प्रदर्शन संपल्यावर परत ट्रंकेत ठेवताना दर वेळी निराळी घडी घाला. एकाच घडीवर वर्षानुवर्षे ठेवली की कापड तिथे तुटते. कडुनिंबाचा सुकलेला पाला फडक्यात बांधून ठेवा. ओला पाला ठेवू नका. आमच्याकडे एकदा ठेवला होता. कसर लागली नाही, पण बुरशी लागली.

उंचीचेही पाहा. गोधडीचा मधला भाग उभ्या बाईच्या डोळ्यासमोर यावा. छताला भिडवली तर मान दुखते आणि टाका दिसत नाही. दोन गोधड्यांत माणूस सहज उभा राहील एवढी जागा ठेवा. सगळ्याच भिंतीवर नकोत. एक खाट आणा आणि तिच्यावर एक पसरा, म्हणजे ही वस्तू मुळात कुठली ते कळेल. आणि एक गोधडी अशी ठेवा की जिला सगळ्यांनी हात लावावा. लोकांचा हात आवरत नाही. त्यांना एक दिली की बाकीच्या वाचतात. लहान मुलांना तिच्यावर बसू द्या. खाऊचे हात तेवढे बाहेर धुऊन यायला सांगा.

राहता राहिली चिठ्ठी. हे माझे मुख्य काम आहे, म्हणून मी ते शेवटी ठेवले.

प्रत्येक गोधडीखाली चिठ्ठी लागेल. ती मी लिहिणार नाही. बाई लिहिणार नाहीत. तुमच्या नातवाचे अक्षर कितीही सुंदर असले तरी तोही लिहिणार नाही. जिने शिवली तिनेच लिहायची. पहिल्या ओळीत आपले नाव. दुसऱ्या ओळीत गाव. मग कापड कुणाकुणाचे ते. मग किती दिवस लागले ते. एखादीला कापडाचे सांगायचे नसेल, तर ती ओळ कोरी सोडावी. कोरी का, असे कुणी विचारणार नाही. विचारले तर मी तिथे खुर्ची टाकून बसलेला आहेच.

अक्षर वाकडे येईल. येऊ द्या. पंचावन्न वर्षे अंगठा उठवलेल्या बाईने या वर्गात सात महिन्यांत काढलेले ते अक्षर आहे. ऱ्हस्व-दीर्घ मी तपासून देईन, पण खोडून दुसरे लिहून देणार नाही. गोधडीच्या टाक्यांतही एखादा लांब पडतो, एखादा आखूड.

परवा एका मावशींनी विचारले, "गुरुजी, नाव माझं लिहू, का ह्यांचं?" मी म्हणालो, "शिवली कुणी?" त्या म्हणाल्या, "मी." "मग?" त्या म्हणाल्या, "पण लुगडं माझ्या आईचं होतं." मग आम्ही बसलो आणि चिठ्ठीवर दोन नावे लिहिली. आईचे नाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा लिहिले. त्यात जोडाक्षर होते, त्याला बराच वेळ लागला. आई अक्षरशत्रू होती. तिचे नाव कुठे लिहिलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते, रेशनकार्डावरसुद्धा नाही, कारण ते कार्ड झाले तेव्हा आई गेलेली होती.

गाडगेबाबांची गोष्ट तुम्ही वाचनपाठात वाचलीच आहे. अंगावर ठिगळांचा कपडा, हातात खराटा आणि गाडगे. लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. १९५६ साली ते गेले. ठिगळे लावलेल्या त्या माणसापुढे मंत्री येऊन बसत. त्या मुलाला आज घरी गेल्यावर हेही सांगा. आणि त्याला रविवारी बोलवा. बांबू उचलायला तरणी पोरे लागतातच.

त्या नऊ जणींसाठी नऊ जागा मी भिंतीवर मोकळ्या ठेवल्या आहेत. खडूने खूण करून ठेवली आहे. शनिवार संध्याकाळपर्यंत खूण पुसणार नाही. कुणी आली तर आनंद आहे. न आली तर त्या जागी आसने लावू. तिच्यावर राग नाही.

घड्याळ सांगते की माझी वेळ होऊन गेली. कुणी हात वर केला नाही, ही तुमची सभ्यता. तर शनिवारी दुपारी तीन वाजता सगळ्यांनी शाळेत जमायचे. नेफ्याच्या पट्ट्या आणि दोरा मंडळाकडे आहे. दाभण ज्याची त्याने आणावी, आणि चष्मा विसरू नये. बांबू सकाळीच येतील. खाट मिळालेली नाही. कुणाकडे जुनी काथ्याची खाट असेल तर बाईंना आजच सांगून ठेवा.